परिचर्येची विद्या

१. एका स्तुतीचे दोन चेहरे

बारावीच्या निकालाची वाट पाहणाऱ्या एखाद्या मुलीने 'मला परिचारिका व्हायचे आहे' असे सांगितले, की आपल्या समाजात तिला बहुधा दोन प्रकारची उत्तरे मिळतात. सभा-समारंभात तिची गाठ पडली तर 'केवढे पुण्याचे काम!' असे म्हणून तिच्या त्यागाची वाखाणणी होते. आणि हीच गोष्ट तिने घरच्या बैठकीत, काका-आत्यांच्या देखत सांगितली, तर 'डॉक्टरकीला गुण कमी पडतील असे वाटते का?' हा प्रश्न, आणि त्याच्या पाठोपाठ रात्रपाळीची व लग्नाची काळजी, तिच्यापुढे ठेवली जाते. ही दोन उत्तरे वरवर पाहता परस्परविरुद्ध दिसतात. परंतु या कामाला मन मोठे लागते आणि बुद्धी बेताची असली तरी चालते, या एकाच गृहीतकातून ती दोन्ही निघाली आहेत. स्तुती करणारा मनाचा उल्लेख करतो आणि बुद्धीविषयी मौन पाळतो. नाक मुरडणारा ते मौन तेवढे मोडतो.

हे गृहीतक त्या मुलीच्याही अंगवळणी पडलेले असते. प्रवेशाच्या वेळी 'हे क्षेत्र का निवडले?' असे विचारले असता तिने 'मला रुग्णसेवेची आवड आहे' असे उत्तर द्यावे, अशी सर्वांची अपेक्षा असते आणि तीही ते इमानेइतबारे देते. 'मला शरीरविज्ञान आवडते', 'अतिदक्षता विभागातील यंत्रे काय सांगतात ते मला समजून घ्यायचे आहे', 'मला स्वतःच्या पायांवर उभे राहून एका विभागाची प्रमुख व्हायचे आहे' ही उत्तरे तिच्या मनात असली तरी ती ओठांवर येत नाहीत. कारण अभियंता होऊ इच्छिणाऱ्या तिच्या भावाला जी महत्त्वाकांक्षा शोभून दिसते, तीच तिच्या तोंडी स्वार्थासारखी वाटेल, हे तिला न सांगता उमगलेले असते.

माझे प्रतिपादन असे आहे, की परिचर्या ही मुख्यत्वे निरीक्षणाची आणि निर्णयाची विद्या आहे. करुणा ही तिची आवश्यक अट असली तरी त्या अटीने तिचे स्वरूप सांगून होत नाही. आणि जोवर आपण या व्यवसायाचा गौरव केवळ त्याग म्हणून करीत राहू, तोवर तो गौरवच परिचारिकेच्या ज्ञानाच्या, अधिकाराच्या व वेतनाच्या मागणीला दिलेला सभ्य नकार ठरेल. प्रथम या कामाचे बौद्धिक स्वरूप, मग त्याचे मोजता येण्याजोगे परिणाम, त्यानंतर प्रचलित समजाचा इतिहास व त्याचे अर्थकारण, अशा क्रमाने हे प्रतिपादन मांडून अखेरीस संभाव्य आक्षेपांचा विचार करावयाचा आहे.

२. खाटेपाशी घडणारा विचार

रुग्णालयाकडे बाहेरून पाहणाऱ्याला असे वाटते, की रोगाचा विचार डॉक्टर करतो आणि त्या विचाराची अंमलबजावणी परिचारिका करते. या समजुतीत काळाचा हिशेब सुटला आहे. डॉक्टर वॉर्डात फेरी घालतात तेव्हा एका खाटेपाशी त्यांची काही मिनिटे जातात. उरलेले सारे तास, आणि विशेषतः मध्यरात्रीनंतरचे तास, रोगी परिचारिकेच्या नजरेखाली असतो. रोग मात्र फेरीची वेळ पाहून पालटत नाही. शस्त्रक्रियेनंतर पोटात रक्तस्राव सुरू झाला किंवा जंतुसंसर्ग रक्तात पसरू लागला, तर रक्तदाब कोसळण्याच्या आधी बहुधा नाडी जलद होते, श्वासांची संख्या वाढते, लघवीचे प्रमाण घटते आणि रोगी 'कसेसेच होते आहे' असे काहीतरी अस्पष्ट बोलू लागतो. साठ किलो वजनाच्या माणसाला तासाला निदान ३० मिलिलिटर लघवी व्हावयास हवी, हे जिला ठाऊक आहे तिला खाटेखालच्या पिशवीतील पातळी ही एक महत्त्वाची बातमी असते. जिला ते ठाऊक नाही तिच्या लेखी ती वेळेवर रिकामी करावयाची पिशवी असते. ही विखुरलेली चिन्हे एकत्र वाचून, आणखी अर्धा तास थांबून पाहावे की निवासी डॉक्टरांना आत्ताच झोपेतून उठवावे, हा निर्णय रात्री तीन वाजता जी घेते, ती आज्ञेचे पालन करीत नसून निदानाचा प्रारंभ करीत असते.

औषधाची गोष्ट याहूनही सूक्ष्म आहे. आपल्या देशात इन्सुलिनच्या कुप्या दर मिलिलिटरला ४० एककांच्याही मिळतात आणि १०० एककांच्याही, व दोहोंच्या सिरिंजा निरनिराळ्या असतात. ४० च्या सिरिंजेत १०० ची कुपी भरली गेली, तर कागदावरचा हुकूम अचूक आणि खुणेपर्यंतचे माप अचूक असूनही रोग्याच्या अंगात अडीचपट औषध जाते. पोटॅशियम क्लोराइड सलाईनमध्ये विरळ करून सावकाश दिले असता प्राण वाचवते आणि तसेच शिरेत ढकलले असता हृदय बंद पाडते. डॉक्टरांच्या हस्ताक्षरातील दशांशचिन्ह जागचे सरकले आहे, अशी शंका येऊन 'सर, मात्रा एकदा पाहून घेता का?' असे विचारणारी परिचारिका ही चुकीच्या आणि रोग्याच्या मध्ये उभी असलेली शेवटची व्यक्ती असते. आणि तो प्रश्न सुचण्यासाठी औषधशास्त्र, तर विचारण्यासाठी अधिकाराची जाणीव लागते.

केवळ मायेचे म्हणून गणले जाणारे कामही तपासून पाहावे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग हिच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयात पाशवी हल्ला झाला, आणि त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत ती तेथेच शय्येवर होती. तिच्या सहकारिणींच्या पिढ्यांनी तिची शुश्रूषा केली. इतक्या वर्षांत तिच्या देहावर शय्याव्रण होऊ दिले नाही ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयापुढे आली, आणि २०११ च्या निकालात न्यायालयाने या परिचर्येची मुक्तकंठाने प्रशंसा केली. लोकांनी त्यात निष्ठा पाहिली, आणि ती होतीच. परंतु निष्ठेने शय्याव्रण टळत नाही. माकडहाड, टाचा, कंबरेची हाडे यांवर देहाचा भार सतत पडला की त्वचेखालच्या केशवाहिन्या दबतात, पेशींचा रक्तपुरवठा तुटतो आणि त्या मरू लागतात. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणे, त्वचा कोरडी राखणे, आहारातील प्रथिनांकडे लक्ष देणे आणि पहिली लाली दिसताच ती ओळखणे, ही एक शिस्तबद्ध उपचारपद्धती आहे. ती चार दशके अखंड चालली, हे एका विद्येचे यश आहे. तिचे श्रेय केवळ हृदयाला देऊन मोकळे होणे हा त्या परिचारिकांचा अर्धाच सन्मान होय. आणि संस्थेच्याच आवारात एक परिचारिका सुरक्षित का राहू शकली नाही, या प्रश्नावरही या भावुकतेने पडदा पडतो.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाद सांगताना वैद्य, औषध, परिचारक व रोगी यांची गणना केली, आणि परिचारकाचे जे चार गुण सांगितले त्यांत उपचारांचे ज्ञान पहिले, दक्षता दुसरी, रोग्याविषयीचा अनुराग तिसरा आणि शुचिता चौथी आहे. ज्ञानाला अग्रस्थान देणारा हा क्रम आपण कधी उलटा केला, आणि अनुरागाला पहिल्या क्रमांकावर बसवून ज्ञानाची हकालपट्टी कधी केली, याचा विचार परंपरेचे नाव घेऊन सेवाधर्माची महती गाणाऱ्यांनी अवश्य करावा.

३. आकड्यांची साक्ष

येथवरचे विवेचन तार्किक झाले; त्याला अनुभवाचा आधार आहे की नाही, हे पाहिले पाहिजे. अमेरिकेतील संशोधिका लिंडा एकेन व त्यांचे सहकारी यांनी पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांच्या दप्तराचा अभ्यास करून २००२ साली असे दाखविले, की एका परिचारिकेकडे एक रोगी अधिक सोपविला, की शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांच्या तीस दिवसांतील मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. नऊ युरोपीय देशांतील ३०० रुग्णालयांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यातही दर अधिक रोग्यामागे ७ टक्क्यांचीच वाढ आढळली, आणि शिवाय असे दिसले, की परिचारिकांमधील पदवीधरांचे प्रमाण दहा टक्क्यांनी वाढले असता मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी घटते.

अशा अभ्यासांतून सहसंबंध सिद्ध होतो, कार्यकारणभाव निर्विवादपणे सिद्ध होत नाही, हे मान्य करूनही त्यांतून दोन अनुमाने निघतात. पहिले असे, की रोगी सहा असोत की बारा, परिचारिकेच्या दयाबुद्धीत फरक पडण्याचे कारण नाही. फरक पडतो तो तिच्या अवधानात. बारा रोग्यांमध्ये विभागलेल्या अवधानातून ती वाढलेली नाडी आणि ती घटलेली लघवी निसटते. म्हणजे जीव वाचविणारी गोष्ट अवधान ही आहे. दुसरे अनुमान असे, की पदवीच्या शिक्षणाने माणूस अधिक प्रेमळ होतो असा कोणाचाच दावा नाही. तेव्हा पदवीधरांच्या प्रमाणाबरोबर मृत्यू घटत असतील, तर त्याचे श्रेय ज्ञानाकडेच जाते. कॅलिफोर्नियाने हे ओळखून एका परिचारिकेमागे जास्तीत जास्त किती रोगी असावेत, याची मर्यादा कायद्याने ठरविली आणि २००४ पासून ती अमलात आणली. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक शिक्षण-रुग्णालयांत तीन रोग्यांमागे एक आणि सामान्य रुग्णालयांत पाच रोग्यांमागे एक परिचारिका असा आहे. आणि तरीही रात्रपाळीला सारा वॉर्ड एकटीच्या भरवशावर सोपविलेला दिसणे, ही कोणालाही अपूर्वाई वाटत नाही.

४. या समजाची वंशावळ

हा समज आपल्यात रुजला तो कोठून, याचा शोध घेतला असता तीन मुळे सापडतात. पहिले मूळ स्पर्शाचे आहे. मलमूत्र, रक्त आणि प्रसूतीचा विटाळ यांना हात लावण्याचे काम जातिव्यवस्थेने खालच्या मानलेल्या जातींवर लादले. सुईण अडल्या वेळी घरात आली, बाळ-बाळंतीण सुखरूप सोडवून गेली, आणि तिचे कौशल्य मात्र विद्या म्हणून कधीच गणले गेले नाही. ज्या कामाला हात लावणे हलके, त्या कामात डोके असू शकते ही कल्पनाच या व्यवस्थेला परकी होती. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना मृत्यू आला, त्या घटनेचे खरे मोल येथे आहे: शिक्षिका म्हणून विद्येचा अधिकार मिळविलेल्या स्त्रीने, निषिद्ध ठरविलेल्या स्पर्शाची भीती झुगारून, ज्ञान व हात यांमधली ती भिंत आपल्या आचरणाने नाकारली होती.

दुसरे मूळ वैधव्याचे आहे. १९०९ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने, रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या नेतृत्वाखाली, स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण देण्याची तजवीज केली. सोवळ्यात वाढलेल्या विधवेने परपुरुषाच्या देहाला हात लावावा आणि रात्रीची पाळी करावी, या कल्पनेला त्या काळच्या समाजाने विरोध करावा हे स्वाभाविकच होते. आणि तो विरोध बोथट करण्याचा एकच मार्ग उपलब्ध होता, तो म्हणजे या कामाला व्रताचे रूप देणे. विधवेने स्वतःचा मुशाहिरा मिळवावा असे उघड म्हटले असते तर दारे बंद झाली असती. तिने रंजल्यागांजल्यांची सेवा करावी असे म्हटल्यावर ती किलकिली झाली. वस्तुतः त्या स्त्रियांची आकांक्षा स्वावलंबनाची, म्हणजे अत्यंत आधुनिक होती, आणि सेवेचा परवाना तिच्या संरक्षणासाठी घेतलेला होता. शंभर वर्षांनंतर तो परवाना आपण मूळ आकांक्षेच्या जागी बसविला आहे.

तिसरे मूळ परदेशी आहे. हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांमधून फिरणारी फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्या पाठ्यपुस्तकांनी घरोघर पोहोचविली. परंतु क्रिमियाच्या युद्धानंतर मृत्यूंची कोष्टके मांडून, सैनिक जखमांपेक्षा घाणीने अधिक मेले हे सरकारच्या गळी उतरविणारी आणि लंडनच्या सांख्यिकी संस्थेची पहिली स्त्री-सदस्य झालेली नाइटिंगेल मात्र आपल्याला अपरिचित राहिली. ती हिंदुस्थानात कधी आली नाही. तरी येथील गोऱ्या फौजेच्या आरोग्याविषयी नेमलेल्या शाही आयोगासाठी तिने ठाण्याठाण्यांहून मागविलेली माहिती तपासली, आणि १८६३ च्या त्या अहवालाने दर हजारी ६९ असा वार्षिक मृत्युदर जगापुढे मांडला. गटारे, पाणी व बराकी यांत सुधारणा झाल्यावर दहाएक वर्षांत तो १८ वर आल्याचे तिनेच पुढे नोंदविले. तिच्या दिव्याइतकीच ही कोष्टकेही आपण मुलांना दाखविली असती, तर परिचर्येचे चित्र पुष्कळ निराळे झाले असते.

या तीन मुळांवर वाढलेल्या वृक्षाचे फळ म्हणजे आपली चिरंतन टंचाई. नाशिक येथे जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती. जेथे परिचारिकांची संख्या डॉक्टरांहून अधिक असावयास हवी, तेथे ती त्यांच्या जेमतेम सातव्या हिश्श्याएवढी होती. पदवी शिक्षणही सावकाशच आले: दिल्ली आणि वेल्लोर येथे ते १९४६ साली सुरू झाले, आणि मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ साली निघाले. ज्या कामाला आपण विद्या मानीत नव्हतो त्याला विद्यापीठाची आवश्यकता वाटण्यास विलंब लागावा, यात नवल नाही.

५. गौरवाचा हिशेब

त्यागाच्या भाषेचा सर्वांत व्यवहारी परिणाम वेतनावर होतो. त्याग करणारा मोबदला मागत नाही, आणि मागितलाच तर त्याचा त्याग खोटा ठरतो. म्हणून ज्याला देवदूत ठरविले त्याच्याशी पगाराची घासाघीस करण्याचे कारणच उरत नाही. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या तुटपुंज्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०१६ मधील आदेशानुसार नेमलेल्या समितीने अशी शिफारस केली, की दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांत राज्य शासनाच्या परिचारिकेइतके वेतन असावे, आणि पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयांतही ते दरमहा २०,००० रुपयांहून खाली जाऊ नये. चार वर्षे शरीररचनाशास्त्रापासून संशोधनपद्धती व संख्याशास्त्रापर्यंतचे विषय अभ्यासून आलेल्या पदवीधरासाठी एवढी किमान रेषा आखून देण्यास देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागते, आणि तिचा अंमल पुन्हा राज्यांच्या मर्जीवर राहतो, यातच आपल्या गौरवाची किंमत कळून येते.

दुसरा परिणाम नेमणुकीवर होतो. बंधपत्रित नेमणूक, कंत्राटी नेमणूक आणि बाह्यस्रोतांतून भरती या तजविजींमागे असा विचार असतो, की हे काम करणारे हात कोठूनही आणता येतात. अनुभवाने तीक्ष्ण होत जाणारी नजर ही त्या विभागाची ठेव आहे असे मानले असते, तर दर अकरा महिन्यांनी माणसे बदलण्याची कल्पना कोणाला सुचली नसती. बाह्यस्रोतांतून भरती करण्याच्या धोरणाविरुद्ध महाराष्ट्रातील सरकारी परिचारिकांनी २०२२ साली संप केला, तेव्हाही चर्चेचा रोख रोग्यांच्या हालांकडे अधिक आणि त्या धोरणाने उद्या होणाऱ्या हालांकडे कमी राहिला. कोरोनाच्या साथीत, मार्च २०२० मध्ये, ज्यांच्यासाठी थाळ्या वाजविल्या, त्यांच्यातील कंत्राटी परिचारिकांची मुदत साथ ओसरल्यावर अनेक ठिकाणी संपली. थाळीच्या नादाला कराराचे बंधन नसते.

तिसरा परिणाम अधिकारावर होतो. अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका असे हुद्दे आपल्या सरकारी रुग्णालयांत आहेत. परंतु वॉर्डात किती खाटा उघडाव्यात, कोणत्या पाळीला किती माणसे हवीत, कोणती सामग्री विकत घ्यावी, या निर्णयांत त्या हुद्द्यांचा शब्द कितपत चालतो, हे पाहिले म्हणजे हा पदक्रम चढत असला तरी अधिकार त्याच्याबरोबर चढत नाही, असे दिसून येते.

६. चार आक्षेप

पहिला आक्षेप असा घेतला जाईल, की परिचर्येला ज्ञान व अधिकार यांच्या मापाने मोजू लागलो तर तिच्यातील माणुसकी आटून जाईल. हा आक्षेप प्रामाणिक आहे, परंतु त्यात करुणेच्या स्वरूपाविषयी गैरसमज आहे. भुकेल्या पाहुण्याला पाहून कळवळणे वेगळे आणि त्याच्यासाठी स्वयंपाक येणे वेगळे. कळवळा कितीही खरा असला तरी न शिजलेल्या भाताने पोट भरत नाही. वेदनेने तळमळणाऱ्या रोग्याची वेदना किती आहे हे मोजता येणे, वेदनाशामकाची पुढची मात्रा केव्हा देता येईल हे ठाऊक असणे, आणि मात्रा अपुरी पडते आहे हे डॉक्टरांना ठामपणे सांगता येणे, हीच करुणेची सक्षम अवस्था होय. उलटपक्षी, वीस रोग्यांमागे धावणारी, अल्पवेतनाने गांजलेली, चूक झाली तर सारा दोष आपल्याच माथी येणार या धास्तीत वावरणारी परिचारिका जेव्हा एखाद्या नातेवाईकावर खेकसते, तेव्हा तिची करुणा ज्ञानाने आटलेली नसून थकव्याने आटलेली असते.

दुसरा आक्षेप अधिकारविभागणीचा आहे. एका रोग्याचे दोन धनी झाले तर गोंधळ माजेल, आणि चरकानेही चार पादांत वैद्यालाच प्रधान मानले आहे, असे कोणी म्हणेल. प्रधानत्व मान्य करण्यास हरकत नाही. परंतु प्रधान असणे म्हणजे एकटे असणे नव्हे. रोगनिदान व उपचारयोजना यांत वैद्याचा शब्द अखेरचा असावा. पण शय्याव्रणाचा प्रतिबंध, रोग्याला व घरच्यांना द्यावयाचे शिक्षण, धोक्याच्या चिन्हांवरून तातडीची हाक देणे, या क्षेत्रांत परिचारिकेचा शब्द अखेरचा असण्याने गोंधळ कमी होतो. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात १९६५ साली प्रगत परिचर्येचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला, आणि आज तिकडे असे शिक्षण घेतलेल्या परिचारिका रोगी तपासतात व औषधेही लिहून देतात. भारतातही अतिदक्षता विभागासाठी असा पदव्युत्तर अभ्यासक्रम परिचर्या परिषदेने आखला आहे, आणि उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून परिचर्येचे पदवीधर काम करीत आहेत. दिशा ठरलेली आहे. प्रश्न आहे तो वेगाचा आणि अधिकार खरोखर हाती देण्याचा.

तिसरा आक्षेप देशत्यागाचा. मुलींना महत्त्वाकांक्षी केले तर त्या आखातात, इंग्लंडात, जर्मनीत निघून जातील आणि आपली रुग्णालये ओस पडतील, अशी भीती घातली जाते. येथे प्रथम एक विसंगती लक्षात घ्यावी: खुद्द महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा जो करार केला, त्यात परिचर्येचाही समावेश आहे. राज्याने पाठविले तर धोरण आणि मुलीने स्वतः ठरविले तर कृतघ्नता, हा न्याय टिकणारा नाही. शिवाय केरळातील परिचारिकांच्या पिढ्या जगभर गेल्या, त्या केवळ महत्त्वाकांक्षेमुळे गेल्या नाहीत. परदेशात वेतनाबरोबर प्रतिष्ठा मिळते आणि मायदेशी दोन्हींची वानवा असते, हे त्यांनी पारखले. महत्त्वाकांक्षेला येथे वाव दिला तर ती येथे राहण्याचा संभव वाढतो. वाव न देता केवळ उपदेश केला, तर तिला पारपत्राची वाट मोकळीच आहे.

चौथा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या एखाद्या पाड्यावरची मुलगी दोन वर्षांचा किंवा तीन वर्षांचा अभ्यासक्रम निवडते ती लवकर मिळणाऱ्या नोकरीसाठी. तिच्यापुढे विद्येच्या गोष्टी करणे ही सुखवस्तू लेखकाची चैन आहे, असे कोणी म्हटले तर ते झटकून टाकता येणार नाही. परंतु या आक्षेपातूनच माझ्या प्रतिपादनाला बळ मिळते. नोकरीसाठी आलेली मुलगी त्यागासाठी आलेली नसते, हे तर या आक्षेपाने मान्यच केले. आणि नोकरी हे ज्याचे ध्येय, त्याला नोकरीतील बढतीची शिडी कोठवर जाते हे कळणे ही चैन नसून गरज आहे. पदविकेनंतर सेवेत राहून पदवी, पदवीनंतर विशेषज्ञता, तेथून अध्यापन किंवा प्रशासन, हा मार्ग तिला पहिल्याच वर्षी दाखविला नाही, तर तिची गरिबी तिला व्यवसायात आणते आणि आपले अज्ञान तिला पहिल्या पायरीवर थोपवून धरते.

७. उमेदवाराने काय विचारावे, समाजाने काय द्यावे

या विवेचनातून व्यवहाराचे जे नियम निघतात, त्यांतले पहिले विद्यार्थिनीसाठी, आणि अर्थात विद्यार्थ्यासाठीही, आहेत; कारण जगातील परिचारिकांत बहुतेक स्त्रिया असल्या तरी या विद्येला लिंग नाही, आणि तिचा संबंध स्त्रीस्वभावाशी जोडला की तिचे वेतनही घरकामाच्या मापाने ठरू लागते. महाविद्यालय निवडताना इमारत व शुल्क यांच्या आधी काही प्रश्न विचारावेत. संस्थेचे स्वतःचे रुग्णालय आहे काय, आणि त्यातील खाटा खरोखर भरलेल्या असतात काय? प्रात्यक्षिकाला विद्यार्थ्यांबरोबर पाठ्यनिर्देशिका वॉर्डात उभ्या राहतात, की विद्यार्थ्यांना फुकटचे मनुष्यबळ म्हणून पाळीवर तैनात केले जाते? प्रसूतिकक्ष, बालरोग, मानसिक आरोग्य, गावातील आरोग्यकेंद्र या सर्व ठिकाणी पुरेसा काळ मिळतो काय? आधी शिकून गेलेल्यांची नोंद राज्य परिषदेकडे झाली आहे ना? आणि नोकरी पत्करताना मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणारा करार पुढे आला, तर त्यावर सही करण्यापूर्वी कायद्याची माहिती असलेल्याचा सल्ला घ्यावा. ही चौकशी करणारी मुलगी उद्धट ठरत नाही. चौकशी करण्याची सवय हीच पुढे तिच्या रोग्याच्या उपयोगी पडणार असते.

दुसरे नियम शासनासाठी आहेत. मुंबई प्रांताने १९३५ साली परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा केला, १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद आली, आणि २०२३ च्या कायद्याने तिच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाची तरतूद केली. कायद्यांची उणीव आहे असे म्हणता येणार नाही. उणीव आहे ती रोगी-परिचारिका प्रमाणाला सक्तीचे बळ देण्याची, रिक्त पदे नियमित नेमणुकीने भरण्याची, आणि परिचर्येविषयीचे निर्णय परिचर्या शिकलेल्यांच्या हाती सोपविण्याची.

तिसरा नियम आपणा सर्वांसाठी आहे, आणि तो सर्वांत स्वस्त आहे. रुग्णालयाच्या प्रत्येक वॉर्डाच्या दारावर, त्या पाळीला आत किती रोगी आहेत आणि किती प्रशिक्षित परिचारिका आहेत, हे दोन आकडे रोज लिहिण्याची सक्ती असावी. आपण माणूस दाखल करताना डॉक्टरची पदवी विचारतो, खोलीचे भाडे विचारतो, विम्याची मर्यादा विचारतो. परंतु रात्री तीन वाजता त्याच्या पिशवीतील पातळी कोण पाहणार आणि तिच्यावर आणखी किती खाटांचा भार असणार, हे विचारीत नाही. ज्या दिवशी नातेवाईक हे दोन आकडे वाचू लागतील, आणि आकडे वाईट असलेल्या वॉर्डात आपला माणूस ठेवण्यास कां-कूं करतील, त्या दिवशी परिचारिकेची संख्या, तिचे शिक्षण आणि तिचा पगार हे रुग्णालयाच्या प्रतिष्ठेचे आणि नफ्याचे प्रश्न बनतील, आणि मग ते सोडविण्यास कोणाच्या दयाबुद्धीची याचना करावी लागणार नाही.

तोवर निदान एवढे करावे. परिचारिका होण्याची उमेद धरणाऱ्या मुलीला पुण्याचा दाखला देऊ नये आणि डॉक्टरकीच्या गुणांची आठवणही करून देऊ नये. ती कोणत्या विभागात तज्ज्ञ होऊ इच्छिते, ते शिकण्यास किती वर्षे लागतात आणि त्या कामाचे वेतन किती, हे तिला विचारावे. आपल्या घरातील अभियंत्याला व वकिलाला आपण हेच विचारतो. आणि जिच्या हाती आपला जीव एके रात्री जाणार आहे, तिच्या महत्त्वाकांक्षेविषयी याहून कमी कुतूहल बाळगणे आपल्याला परवडणारे नाही.